दात सोडा, बाई

पाचगणीच्या वरच्या अंगाला, पठारापलीकडं,
नऊ भोकांचं एक जुनं गोल्फचं मैदान आहे.
गवत कापायला माणूस मिळत नाही,
ते काम मेंढ्या करतात.
सातव्या भोकावर झेंड्याऐवजी
काठीला बांधलेली खताची पिशवी फडफडते.

दर गुरुवारी वाईचा दवाखाना बंद ठेवून
मी पसरणी घाट चढून येते.
आठवडाभर दुसऱ्यांच्या तोंडात वाकलेली मान
इथं जरा वर होते.

आज बॉल जाऊन बसलाय
सिल्व्हर ओकच्या दोन मुळांच्या बेचक्यात.
मागं जांभ्याचा बांध,
हात कमरेच्या वर नेला की कोपर खरचटणार.
पुढं घळ.
घळीच्या पल्याड ती पिशवी.
घळीत गेलेला बॉल परत येत नाही.
कोंडिबा ढेबे म्हणतो, साळिंदरं ते बिळात साठवतात,
अंडी समजून.

मी उभी राहते. मोजते.
धोमच्या पाण्यावरून येणारा वारा,
खांदा, गुडघा, अंगठा,
मागच्या गुरुवारी साळिंदरांना दिलेले तीन,
नव्या खुर्चीचा हप्ता,
शिर्के मास्तरांची अक्कलदाढ
जी परवा माझ्या हातून अर्ध्यात मोडली.

कोंडिबा पिशवी खाली ठेवतो,
चुन्याची डबी उघडतो.
“दात सोडा, बाई.”
“काय?”
“दात. आवळल्यात. हितनं दिसतंय.”

दिवसातून तीसदा मी हेच म्हणते:
जबडा सैल सोडा, नाकानं श्वास घ्या,
मुठी कशाला वळल्यात, काही होत नाही.
बावीस वर्षं म्हणतेय.
स्वतःच्या जबड्याला एकदाही नाही.

जीभ टाळूवरून खाली आणते.
कानामागं काहीतरी सुटतं,
मग मान, मग मनगट.
हातातला क्लब एकदम जड लागतो,
म्हणजे आहे तेवढाच.

“एक म्हैस हुती आमची,” कोंडिबा तंबाखू मळत सांगतो,
“कासरा आवळला की चारी पाय रोवायची.
ढिला केला की गुमान मागनं यायची.
पर सोडायचा न्हाई हां.
धरून ढिला.”

धरून ढिला.

घळ आहे. असू दे.
एक्स-रे एकदा नीट बघायचा,
मग तो दिव्यावरच राहू द्यायचा
आणि दाताकडं बघायचं.
शिर्के मास्तरांची दाढ मोडली,
कारण ती निघायच्या आधीच
मी तिला ट्रेमध्ये पडलेली पाहिली होती.

बॉलवर चिखलाचा एक ठिपका आहे,
मेथीच्या दाण्याएवढा.
त्याच्या कडेला गवताची एक काडी चिकटलीय.
एवढंच आहे आत्ता जगात.
श्वास जातो, अर्धा येतो,
आणि त्या अर्ध्यात कधीतरी
क्लब मागं जाऊन पुढं आलेला असतो.

ठक्.

मेंढ्या माना वर करतात.
मी करत नाही.
ठिपका होता त्या जागेकडं बघत राहते,
तिथं आता दबलेलं गवत
सावकाश उठून बसतंय.

कोंडिबा बराच वेळ काही बोलत नाही.
मग म्हणतो, “ग्येला पल्याड.
पिशवीपासनं लांब हाय. चाळीस पावलं तरी.
पर साळिंदराला न्हाई घावला.”
आणि हसतो.
त्याचे वरचे दोन दात नाहीत.
कधी दाखवायला आला नाही,
मीही कधी विचारलं नाही.

घळीला वळसा घालून आम्ही चालू लागतो.
तिथून पुढचे तीन फटके मी वाया घालवते, सगळे सोपे.

उद्या अकराला शिर्के मास्तर यायचेत
उरलेल्या मुळासाठी.
ते खुर्चीत बसतील, हात घट्ट धरतील.
मी आधी माझे दात सोडीन,
मग त्यांना आ करायला सांगीन.